कास्तेल्याची कड

माकाबेबाईंची चूक शिओमी गावात कुणी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या हाताखालच्या मुलींच्या चुका मात्र अर्ध्या गावाला पाठ होत्या, कारण त्या रोज संध्याकाळी जेवणानंतर ओळीने आणि मोठ्याने सांगितल्या जात, आणि स्वयंपाकघरातल्या बायका भांडी घासता घासता त्या ऐकून घरी नेत.

बंदरातून वर येणारा चढ संपतो तिथे मिशनची मुलींची शाळा आणि शाळेच्या पाठीला सुमिरे वसतिगृह. सुमिरे हे पानाआड लपणारं लहानसं जांभळं फूल. नम्रतेचं फूल म्हणून नन्सनी ते निवडलं होतं. माकाबे शिगे या वसतिगृहाच्या मुख्य; मुली त्यांना सेन्सेइ, म्हणजे बाई, म्हणत. युद्धाच्या आधीपासून त्या तिथे होत्या. पोरवयात नन्सच्या धुलाईघरात कपडे पिळायला आल्या, बाप्तिस्मा घेऊन मोनिका झाल्या, चादरींच्या घड्यांवरून मुलींच्या घड्यांवर आल्या आणि मग तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. नन्सनी त्यांना नन करून घेतलं नाही, ते का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण चालताना हात बाह्यांत लपवायची नन्सची सवय त्यांनी उचलली होती, आणि लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नसे. जवळून पाहायची हिंमत कुणाला नव्हती.

मुलींना वळण लावणं हे त्यांचं काम आणि त्या कामाचा त्यांना भारी अभिमान. पहाटे घंटा झाली की मुलींनी उठायचं, रात्रभर गादीखाली दाबून ठेवलेला स्कर्ट काढायचा आणि त्याच्या चुण्या बाईंना दाखवायच्या. चुणी वाकडी गेली तर मनही वाकडं गेलं, असं बाईंचं शास्त्र. मग लांबलचक लाकडी बोळातून ओली फडकी दोन्ही हातांनी दाबत, ओणव्याने, एका रांगेत धावत जायचं. थंडीत फडक्याचं पाणी फळीवर गोठे आणि मुली त्यावरून घसरत. घसरणारीला संध्याकाळी सांगायला एक चूक आयती मिळे, म्हणून ती फारशी तक्रार करत नसे. न्याहारीला जव मिसळलेला भात, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं सूप आणि मुळ्याचं लोणचं. जेवताना बोलायचं नाही. लोणचं चावताना आवाज होतो म्हणून ते बारीक तोंड करून चोखायचं. आंघोळीला अंगभर सुती झगा घालून जायचं, म्हणजे स्वतःचं अंग स्वतःलाही दिसायला नको. घरी लिहिलेलं पत्र बाईंकडे उघडं द्यायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जिन्यात, संडासाच्या दारात, जिथे भेट होईल तिथे कमरेत वाकून "गोकिगेन्यो" म्हणायचं. नमस्काराचा हा शब्द राजधानीतल्या थोरामोठ्यांच्या लेकी वापरत. इथे कोळी, हमाल आणि दुकानदार यांच्या लेकी तो म्हणत आणि सुट्टीत घरी गेल्यावर सवयीने आजीला म्हणून बसत. आजी विचारी, "हिला काय झालं? थंडी बाधली का?"

पण या सगळ्यावर कळस म्हणजे संध्याकाळची सभा. बाई तिला मनाची झाडलोट म्हणत. चटयांच्या मोठ्या खोलीत सगळ्यांनी टाचांवर बसून गोल करायचा, मध्ये एक मेणबत्ती, आणि एकेकीने त्या दिवशीचा आपला दोष सांगायचा. मनापासून सांगितला असं बाईंना वाटलं की तिच्या नावापुढे भिंतीवरच्या कापडावर एक कागदी जांभळं फूल टोचलं जाई. "आज काही नाही" असं म्हणायची सोय नव्हती. "काही नाही, हा सर्वांत मोठा दोष," असं बाई म्हणत आणि डोळे मिटत. मग ती मुलगी काहीतरी शोधून काढेपर्यंत बाकीच्यांच्या पायांना मुंग्या येत, आणि त्या मुंग्यांचा राग तिच्यावर निघे.

आता रोज नवा दोष आणायचा कुठून? मुलींनी त्यावर उपाय काढला होता.

"आज माझ्याकडे काहीच नाही गं," फडकी धुताना एक म्हणे. "तुझा परवाचा उसना देतेस?"

"कुठला?"

"प्रार्थनेत भाताचा विचार आला तो."

"तो नको, तो एवढ्यात फार झालाय. संडासातल्या चपला उलट्या ठेवल्या तो घे."

"त्याला फूल नाही मिळत. 'आणखी आत शोध' म्हणतात."

"मग असं म्हण, चपला उलट्या दिसल्या, पण मागून येणारीची फजिती व्हावी म्हणून मुद्दाम सरळ केल्या नाहीत. आत शोधल्यासारखं होतं."

या विद्येत काशिवागि रेइकोचा हात धरणारी कुणी नव्हती. पिठाच्या गिरणीवाल्याची ही मुलगी, वयाने मोठी, गोलाच्या सुरुवातीला बसणारी. कुठला दोष फार लहान आणि कुठला अंगाशी येण्याइतका मोठा, हे तिला अचूक कळे. ती दोष सांगताना आवाज जिथे थरथरायला हवा तिथेच थरथरे. तिच्या नावापुढे फुलांचा ताटवा झाला होता आणि बाई पाहुण्यांना तो बोटाने दाखवत. एवढे दोष करणारी मुलगी आदर्श कशी, हा प्रश्न एकाही पाहुण्याने विचारला नाही. पाहुणे शहाणे होते.

बाई स्वतः मात्र सभेत कधीच दोष सांगत नसत. झाडू स्वतःला झाडत नाही, तशातलाच प्रकार.

या घरात सावागुचि नामिए आली ती एका पाद्र्याच्या शिफारशीने, मोफत जागेवर. चौदा वर्षांची, किनाऱ्यावरच्या वरच्या वाडीतली, बापाची लहानशी बोट. एकेकाळी त्या वाडीत हेरिंग मासे इतके येत की लोक ते खत म्हणून शेतात टाकत. मग मासे यायचे थांबले आणि वाडीतले लोकही एकेक करून निघाले. नामिएची आई बाळंतपणात गेली होती, कारण डॉक्टर बोटीने यायचा आणि त्या दिवशी समुद्राने बोट येऊ दिली नाही. नामिएला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी ही शाळा पुरी करायला हवी होती, आणि शाळा पुरी करायची तर मोफत जागा टिकायला हवी होती. नाही टिकली तर वाडीजवळच्या कारखान्यात माशांची पोटं चिरायची, एवढाच दुसरा रस्ता.

पहिल्याच दिवशी बाईंनी तिचं गाठोडं उघडून पाहिलं. कपड्यांत एका बाईचा लहानसा फोटो आणि मुठीएवढी वाटी निघाली.

"हे कशाला?"

"आई आहे. तिला वाढायला वाटी."

"वाढायला?"

"जेवायच्या आधी चिमूटभर भात ठेवते मी."

"या घरात आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, सावागुचि-सान, त्यांना जेवायला घालत नाही. ती अडाणी लोकांची चाल." बाईंनी फोटो आणि वाटी आपल्या कपाटाच्या खणात ठेवली. "घरी जाशील तेव्हा मिळेल."

संध्याकाळी सभेत नामिएची पाळी आली तेव्हा बाईंना वाटलं, ही आता फोटोचं सांगेल. ती म्हणाली, "मी आज एक बशी फोडली." आणि खरोखरच एक बशी फुटलेली निघाली.

मुलीत हाच तर दोष होता. बशी फोडली की ती बशी फोडल्याचं सांगे, आणि काही फोडलं नाही की "काही नाही" म्हणे. बाई डोळे मिटत, गोलातल्या मुली दात खात, मेणबत्ती अर्धी होई. "आणखी आत शोध," बाई म्हणत. नामिए खरंच शोधायची, कपाळाला आठ्या घालून, आणि परत म्हणायची, "नाही सापडला." तिच्या नावापुढचं कापड जवळजवळ कोरंच राहिलं. मदर सुपीरियर मदर क्लोतिल्ड यांच्यापुढे बाई म्हणत, "अभ्यासात बरी आहे, पण मन उघडत नाही. कोळ्याची जात, कठीण."

मार्चमध्ये बिशप यायचे होते. दरवर्षी ते शाळेचं वर्ष संपताना येत, चहा घेत, मुलींचं गाणं ऐकत आणि पुढच्या वर्षीच्या मोफत जागांवर मान डोलवत. त्यांच्यासाठी शाळेची एक जुनी विद्यार्थिनी थेट नागासाकीहून कास्तेला पाठवी. पिवळाधम्मक, खाली साखरेचे खडे लागलेला केक, लाकडी पेटीत नेमका बसवलेला. पेटी आली की माकाबेबाईंच्या ताब्यात राही, कारण त्यांच्याइतकं विश्वासाचं दुसरं माणूस घरात कोण?

त्या वर्षी पेटी आली तो दिवस बाईंच्या आईच्या श्राद्धाचा होता.

बाईंनाही एक आई होती, हे गावात कुणाला सुचलं नसतं. ती कोळशाच्या वखारीत पाट्या वाहायची. मुलगी नन्सची झाली म्हणून तिने कुरकुर केली नाही, पण स्वतः बाप्तिस्मा घेतला नाही. "तिकडे तुझे बाबा नसतील, मी एकटी जाऊन काय करू?" असं म्हणाली. एकदा ती मुलीला भेटायला आली तेव्हा एका म्हाताऱ्या ननने तिला कास्तेल्याचा तुकडा दिला होता. तो तिने फडक्यात बांधून घरी नेला आणि रोज कण कण करून खाल्ला. शेवटच्या आजारात तिला नाव आठवेना. "ते पिवळं," ती म्हणायची. "ते पिवळं असेल का गं कुठे?" युद्धाचे दिवस. साखर औषधाला नव्हती. ती तशीच गेली.

बाईंच्या कपाटात, हिवाळ्याच्या पांघरुणांच्या मागे, आईचा फोटो होता. त्याच्यापुढे एक बशी होती. रोज सकाळी मुली बोळ पुसत असताना बाई त्या बशीत भाताचा घास ठेवत आणि कपाट लावून घेत. ती अडाणी लोकांची चाल. ख्रिस्ती घराच्या मुख्य बाईने असं करणं म्हणजे काय, हे त्या स्वतःच मुलींना सांगत असत, आणि फार चांगलं सांगत.

त्या दिवशी त्यांनी पेटीची दोरी सोडली, शिवणाचा दोरा घेऊन केकची एक कड बोटभर कापली, कागद होता तसा दुमडला आणि दोरी बांधली. कड कुणी खातही नाही, ती कोरडीच असते, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तुकडा बशीत ठेवून, हात जोडून, त्या थोडा वेळ पांघरुणांत तोंड घालून बसल्या. त्या क्षणी त्यांना जवळून कुणी पाहिलं असतं तर कदाचित त्या आवडल्याही असत्या. पण खोलीचं दार बंद होतं.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. नागासाकीवाले पेटी केकच्या मापाने बनवतात. बोटभर जागा झाली की आतला ठोकळा सरकतो. बिशप यायच्या आदल्या दुपारी मदर क्लोतिल्ड यांनी पेटी उचलली आणि आत काहीतरी धप्पकन आपटलं.

मदर कॅनडाच्या. चाळीस एक वर्षं या देशात काढलेल्या, भाषा पक्की, स्वभाव भोळा आणि त्या भोळेपणावर ठाम. त्यांनी पेटी उघडली, कापलेली कड पाहिली आणि बाईंकडे पाहिलं.

"माकाबे-सान, हे काय?"

तेवढा एक क्षण होता. 'मदर, मी कापला' एवढे तीन शब्द. पण इतकी वर्षं दुसऱ्यांकडून वदवून घेतलेले शब्द स्वतःच्या तोंडात बसेनात. त्याऐवजी जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं.

"आज संध्याकाळी कळेल, मदर. माझ्या मुली स्वतःहून सांगतात."

"स्वतःहून?" मदरचा चेहरा उजळला. "मग मीही येते सभेला."

त्या संध्याकाळी गोलात मदरसाठी खुर्ची ठेवली होती. बाई टाचांवर बसल्या, हात बाह्यांत. त्यांनी सांगितलं की बिशपसाहेबांच्या केकचा तुकडा कुणीतरी घेतला आहे आणि इथे कुणी कुणाला विचारणार नाही. एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं होतं, सगळ्या गप्प बसतील, मदर दोन शब्द उपदेशाचे बोलतील, आणि प्रकरण मिटेल. आपण काय पेरून ठेवलंय, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

काशिवागि रेइकोने चटईला कपाळ टेकलं. "मी," ती म्हणाली, आणि आवाज जिथे थरथरायला हवा तिथे थरथरला. "सेन्सेइ, मदर, तो मी घेतला. साखरेचे खडे दिसले आणि मोह झाला."

मदरने छातीवर हात ठेवला. बाईंनी डोळे उघडले.

रेइकोची शेजारीण मागे राहील तर कशी? "रेइको-सान मला वाचवायला बोलतायत," ती म्हणाली. "आधी मी घेतला." तिसरी म्हणाली, आपण दोघींना पाहिलं आणि थांबवलं नाही, उलट उरलेला चाटला. चौथी रडायलाच लागली. पाचवीला आपण खाल्लेला तुकडा कडू लागला होता. गोवर निघून आठवडाभर वेगळ्या खोलीत पडलेली एक पोर नुकतीच खाली आली होती. ती म्हणाली, मी वरूनच वास घेतला, आणि वास घेणं हेही खाण्यासारखंच. गोल पुढे पुढे सरकत गेला तशी कड वाढत गेली. बोटभर तुकडा साऱ्या वसतिगृहाला पुरून उरला. मदर क्लोतिल्ड यांचे डोळे भरून आले होते, आणि माकाबेबाई ताठ बसून आपल्या हातच्या पिकाकडे पाहत होत्या.

नामिएची पाळी शेवटी आली.

"मी नाही घेतला," ती म्हणाली.

"सावागुचि-सान," बाई म्हणाल्या, "आणखी आत शोध."

"शोधलं. नाही घेतला."

"तुझ्या सगळ्या बहिणींनी मन उघडलं."

नामिएने गोलाकडे एक नजर टाकली. "सेन्सेइ, एवढासा तुकडा. एवढ्या जणींनी खाल्ला कसा?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मदरच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

सभेनंतर त्या बाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "किती सुंदर, माकाबे-सान. कुणी घेतला ते देवाला माहीत, पण सगळ्या एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. एकच वेगळी बसली आणि वर हिशेब विचारला. ज्या मुलीला नम्रता शिकायची नाही तिच्यावर मोफत जागा का घालवायची? उद्या बिशपसाहेबांसमोर जागांचा विषय निघेल. तोवर ती दोन शब्द बोलली तर ठीक."

बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी नामिएला धुलाईघरात गाठलं. ती चादर पिळत होती. एकेकाळी याच दगडावर बाईंनी पिळल्या होत्या.

"हे बघ," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू फक्त म्हण. मीही घेतला म्हण. एवढंच."

"पण मी घेतला नाही ना."

"ते मला माहीत आहे."

नामिएने चादर खाली ठेवली. "तुम्हाला माहीत आहे? मग तुम्हीच सांगा ना मदरना."

"तसं नसतं ते. हा चालीरीतीचा भाग असतो, पोरी. पाहुण्याला आपण म्हणतो ना, घरात काही नाही, पण या जेवायला? ताटं तर भरलेली असतात. तसं हे. कुणी तुला चोर म्हणणार नाही."

"पाहुण्याला माहीत असतं ना, ताट भरलंय ते. मदरना कुठे माहीत आहे? त्यांना खरं वाटतं." तिने हातांचं पाणी झटकलं. "बाबांच्या बोटीवर कुणी म्हणालं, दोर बांधला, तर तो बांधलेला असतो. नुसतं बरं दिसावं म्हणून म्हणाला तर माणूस पाण्यात जातो."

"इथे कुणी पाण्यात जात नाही."

"मी जातेय की," नामिए म्हणाली, आणि पुन्हा चादर पिळायला लागली.

माकाबेबाईंना त्या दिवशी न्याहारी गेली नाही. वर खोलीत त्या दोनदा कपाटापाशी गेल्या आणि परत आल्या. माणसाला लाज वाटते तेव्हा तो काहीतरी करतो, किंवा आपण काहीतरी करणार आहोत असं ठरवून मोकळा होतो. बाईंनी ठरवलं. दुपारी बिशप आले, गाणं झालं, मदरच्या बैठकीत चहा मांडला गेला आणि कास्तेल्याचे तुकडे पांढऱ्या बशांतून फिरले. रेइको चहा ओतत होती. बाई दारापाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. मोफत जागांची गोष्ट निघाली, मदरने सावागुचि नामिएचं नाव घेतलं, आणि बाईंनी जमिनीवर हात टेकले.

"मदर, तो तुकडा मी कापला."

बाईंचे कान लाल झाले होते. मदर क्लोतिल्ड यांच्या चेहऱ्यावर आदल्या संध्याकाळचाच उजेड पसरला.

"पाहिलंत?" त्या बिशपना म्हणाल्या. "काल मुलींनी एकमेकींचा दोष अंगावर घेतला. आज यांनी सगळ्यांचाच घेतला. मुली शिकल्या त्या कुणाकडून, ते आता कळलं."

"खरी आई," बिशप म्हणाले. त्यांच्या मिशीला कास्तेल्याचा कण लागला होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "खरंच मी."

"हो, हो," मदर म्हणाल्या, आणि उठून त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "खरंच तुम्ही."

आता एकच वाक्य उरलं होतं. वर माझ्या कपाटात चला, पांघरुणांच्या मागे बशी आहे, बशीत तो तुकडा अजून आहे. पुरावा जिन्याएवढ्या अंतरावर होता. पण बशी दाखवायची तर फोटो दाखवावा लागणार, फोटो दाखवायचा तर रोजचा घास सांगावा लागणार, आणि मग सुमिरे वसतिगृहाची माकाबे मोनिका उरते कुठे? उरते ती वखारीवालीची पोर. बाईंनी बिशपकडे पाहिलं, मदरकडे पाहिलं, चहाची किटली धरून डोळे पुसणाऱ्या रेइकोकडे पाहिलं, आणि खाली वाकल्या. आमच्याकडे वाकणं हे सगळ्याचंच उत्तर असतं. ज्याला जे उत्तर हवं ते तो घेतो.

मोफत जागा पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या एका मुलीला गेली. मन उघडणारी होती.

नामिएचा बाप तिला न्यायला आला तेव्हा चढावरचा बर्फ वितळून कोळशाच्या काजळीचा चिखल झाला होता. तो माणूस फाटकाबाहेरच उभा राहिला, कारण आपल्या अंगाला माशाचा वास येतो हे त्याला माहीत होतं. त्याने बाईंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि पोरीला इतके दिवस सांभाळल्याबद्दल आभार मानले. काय झालं ते त्याने विचारलं नाही. एवढ्या मोठ्या शाळेने पोर परत दिली, म्हणजे पोरीचंच काहीतरी चुकलं असणार, असं त्याने धरलं होतं.

नामिए गाठोडं घेऊन पायऱ्यांवर थांबली.

"सेन्सेइ, सगळ्या म्हणतात तुम्ही आमच्यासाठी खोटं बोललात."

बाईंनी हात बाह्यांत आणखी आत सारले.

"मला नाही तसं वाटत. तुम्ही सभेत कधी एकसुद्धा दोष सांगितला नाहीत, उसना पण नाही. एकदाच सांगितलात. म्हणून मला वाटलं, तो खराच असेल."

"स्कार्फची गाठ नीट कर," बाई म्हणाल्या.

नामिएने गाठ नीट केली. मग बाईंनी बाहीतून फोटो आणि ती मुठीएवढी वाटी काढून तिच्यापुढे धरली. नामिएने फोटो पुसला, आईकडे थोडा वेळ बघितलं आणि वाटीत बोट फिरवलं. आत नुसती धूळ होती.

"हिला इतके दिवस काही वाढलं होतं का कुणी?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

एकाच खोलीत, एकाच कपाटात, एक आई रोज जेवत होती आणि दुसरी खणात उपाशी पडली होती. हे बाईंना तोवर सुचलंच नव्हतं, एवढं खरं. दुसऱ्यांना आत शोधायला लावणाऱ्यांना स्वतःच्या कपाटातलंही दिसत नाही.

बापलेक चिखल चुकवत चढ उतरून गेले. बाई पाहत राहिल्या आणि मग मुलींचे बूट ओळीत लागलेत का ते बघायला आत गेल्या.

पुढे माकाबेबाई बरीच वर्षं होत्या. त्यांनी मुलींचा दोष अंगावर घेतल्याची गोष्ट शाळेच्या वार्षिकात छापून आली, नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगितली जाऊ लागली, आणि त्यांचं तैलचित्र जेवणघरात लागलं, हात बाह्यांत. रेइकोने वर्गणी काढली होती. सभा चालूच राहिली, फक्त गोष्टीमुळे मुलींची अडचण वाढली. आता नुसता स्वतःचा दोष पुरेना, शेजारणीचाही अंगावर घ्यावा लागे, आणि एकीचा दोष दोघींनी एकाच संध्याकाळी घेतला तर नंतर न्हाणीघरात भांडण जुंपे. नामिएचं कुणी नाव घेत नसे. गोष्टीत तिला जागा नव्हती.

कास्तेला दरवर्षी येत राहिला. बाईंनी पुन्हा कधी दोरी सोडली नाही. पेटी आली तशी मदरच्या हाती देत आणि पावती मागत. आईच्या श्राद्धाला त्या बशीत मुळ्याच्या लोणच्याचा तुकडा ठेवत, जो घरात कुणी मोजत नसे. आईला मुळा कधी आवडला नव्हता.